शहर कशावर वाढते? : इचलकरंजीवरील एक पाठ

परिसर अभ्यासाच्या तासाला ‘शहर कोणाला म्हणावे’ असा प्रश्न निघाला की मुलांची उत्तरे बहुधा ठरलेली असतात. जेथे उंच इमारती आहेत ते शहर. जेथे आगगाडी थांबते ते शहर. जेथे मामलेदार कचेरी आहे ते शहर. पुस्तकातील पाठही पुष्कळदा याच वाटेने जातो आणि नदीकाठ, लोहमार्ग, बंदर, राजधानी अशी चार कारणे सांगून मोकळा होतो. ही कारणे खोटी नाहीत, परंतु अपुरी आहेत. ती किती अपुरी आहेत हे मुलांना पटवून द्यावयाचे असेल, तर कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्याचा नकाशा फळ्यावर टांगावा.

तालुक्याचे मुख्य ठिकाण हातकणंगले. १८९१ साली सुरू झालेल्या मिरज-कोल्हापूर लोहमार्गावरील स्टेशनही तेथेच. पुस्तकातील नियमाप्रमाणे तालुक्यातील मोठे शहर हेच व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात हातकणंगले दीर्घकाळ ग्रामपंचायतीचेच गाव राहिले, आणि त्याच्या दक्षिणेस थोड्या अंतरावर, लोहमार्ग सोडून पंचगंगेच्या काठी वसलेले इचलकरंजी २०११ च्या जनगणनेत सुमारे २ लाख ८७ हजार वस्तीचे नगर झाले. १८९३ पासून नगरपालिका असलेल्या या गावास २०२२ मध्ये महानगरपालिकेचा दर्जा मिळाला. गाडी एका गावी थांबली आणि वाढले दुसरेच गाव! हे असे का घडले, एवढा एकच प्रश्न वर्गापुढे ठेवावा. उत्तर देण्याची घाई करू नये. मुले आधी चुकीची उत्तरे देतील, ती फळ्याच्या एका बाजूस लिहून ठेवावीत. ती पुढे उपयोगी पडतात.

हा पाठ खेड्यातील शाळेत शिकविण्याचे प्रयोजन काय, अशी शंका कोणा शिक्षकाच्या मनात येईल. प्रयोजन स्पष्ट आहे. खेड्यातील मुलाने पुढे मुंबई किंवा पुणे गाठले तर तो अपवाद नव्हे. तथापि त्याच्या घराचा रोजचा व्यवहार जडलेला असतो तो जवळच्या मध्यम शहराशी. आजारी माणूस तेथील दवाखान्यात जातो, बी-बियाणे तेथून येते, थोरली बहीण तेथील कॉलेजात एस. टी. ने जाते आणि पाऊस हुकलेल्या वर्षी वडील तेथेच कामाला जातात. ज्या ठिकाणाशी इतके नाते, त्याचे अंतरंग मुलास ठाऊक असू नये, हे शिक्षणातील मोठेच उणेपण म्हटले पाहिजे.

इचलकरंजी हे घोरपडे घराण्याच्या जहागिरीचे ठाणे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नारायणराव बाबासाहेब घोरपडे हे येथील अधिपती होते. त्यांच्याच काळात, १९०४ साली, विठ्ठलराव दातार यांनी गावात पहिला यंत्रमाग बसविला. पहिल्या मागाची कथा मुलांना आवडते. पण शिक्षकाने तिच्यावर फार रेंगाळू नये. एक माग कोणीही आणील. महत्त्वाचा असतो तो दुसरा, दहावा आणि शंभरावा. दातारांचा माग चालताना पाहून शेजाऱ्याने तो चालविण्यास शिकावे, लोहाराने त्याचा मोडलेला भाग घडवून द्यावा, आणि ज्याच्यापाशी थोडा पैसा आहे त्याने आपल्याही परसात दोन माग टाकावेत, असे जेथे घडते तेथे धंदा मूळ धरतो. मुंबईच्या कापडगिरणीस लाखो रुपयांचे भांडवल, चिमणी आणि शेकडो माणसांचा हजेरीपट लागत असे. यंत्रमागास पत्र्याची शेड पुरे. कापडाच्या धंद्यात छोट्या माणसाला शिरता येईल इतके लहान दार या गावात उघडले गेले, हे त्याच्या वाढीचे पहिले रहस्य. आसपासच्या शेतकऱ्यांच्या हाती आलेला पैसा सोन्यात किंवा जमिनीतच न अडकता काही अंशी मागात आला, आणि शेतकऱ्याचा मुलगा कारखानदार झाला.

येथे एक गोष्ट मुलांच्या ध्यानी आणून द्यावी. इचलकरंजीच्या भोवतीचा मुलूख उसाचा आहे, कापसाचा नव्हे. सूत बाहेरून येते. त्यातील काही तर तमिळनाडूतील गिरण्यांतून येते. विणलेले कोरे कापड रंगविण्यासाठी पुन्हा दूरवर, राजस्थानातील पाली-बालोतऱ्यापर्यंत जाते. मग गावाचे स्वतःचे असे काय? त्याचे उत्तर ‘हात’ असे आहे. कच्चा माल दुसऱ्याचा, गिऱ्हाईक दुसरीकडचे. आणि तरीही या दोहोंच्या मधले काम या गावाइतके सफाईने व स्वस्तात दुसरीकडे होत नाही म्हणून माल येथे येतो. वर्गात फळ्याच्या बाजूस लिहून ठेवलेली उत्तरे आता पुन्हा वाचावीत. ‘तेथे कापूस पिकत असेल’ हे त्यांपैकी एक हमखास असते.

हे ‘मधले काम’ शब्दांनी सांगून कळत नाही. त्यासाठी शिक्षकाने घरातील जुन्या धोतराचा किंवा जाड्याभरड्या सुती कापडाचा एक तुकडा वर्गात न्यावा. दोन-दोन मुलांना तळहाताएवढे तुकडे द्यावेत. पट्टीने एक इंच मोजून पेन्सिलीने खूण करावी आणि टाचणीने आडवे धागे एकेक करून सोडवावयास सांगावे. उभे धागे तो ताणा, आडवे तो बाणा, हे शब्द मुलांना ठाऊक असतात. पण ते पहिल्यांदाच बोटांनी समजतात. एका इंचात बसणाऱ्या आडव्या धाग्यांना यंत्रमागाच्या धंद्यात ‘पीक’ म्हणतात. इचलकरंजीत मजुरीचे बोलणे निघाले की ‘बावन्न पिकाचे कापड’ हा शब्द कानी पडतोच. म्हणजे इंचास ५२ आडवे धागे असलेले कापड. विणकराची मजुरी मीटरवर ठरते आणि ती पिकाच्या मानाने वाढते-घटते.

आता येथे गणित आपोआप येते. एका मीटरात सुमारे ३९.३७ इंच. म्हणून बावन्न पिकाचे एक मीटर कापड होण्यास ५२ × ३९.३७, म्हणजे सुमारे २,०४७ आडवे धागे लागतात. साध्या मागावर प्रत्येक धाग्यासाठी धोटा एकदा या कडेहून त्या कडेस जातो. मुलाच्या अंगावरील सदऱ्यास दीड मीटर कापड लागले असे धरले, तर त्यासाठी धोटा तीन हजारांहून अधिक वेळा धावला. माग मिनिटास १४० फेऱ्या करतो असे समजा. एका मीटरला किती वेळ लागेल? मुले उत्तर काढतील, सुमारे साडेचौदा मिनिटे. मध्ये धागा तुटला, वीज गेली, कांडी संपली तर तो वेळ वेगळा. आणि हे करणारा माणूस एका मागापुढे बसलेला नसतो. तो एकाच वेळी चार-सहा मागांच्या मधून फिरत असतो आणि कानांत एवढा खडखडाट की शेजाऱ्याशी बोलावयाचे ते खुणेने. हे गणित गाईडातील ‘एक नळ टाकी भरतो’ या जातीच्या उदाहरणांपेक्षा मुलांच्या अधिक लक्षात राहील, यात संशय नाही.

यानंतर हा धागा मागे-पुढे किती हातांतून जातो ते सांगावे. सूत कोनावर येते. त्याचे हजारो धागे शेजारी-शेजारी ताणून गुंडाळावे लागतात. त्यांस खळ चढवावी लागते, नाहीतर मागाच्या हिसक्यांनी ते तुटतात. हे काम सायझिंगमध्ये होते आणि तेथून बीम भरून बाहेर पडते. बीमावरील प्रत्येक धागा वईतून व फणीतून ओवून घेण्याचे काम वहिफणी कामगारांचे. त्यास दृष्टी तीक्ष्ण व बोटे सवयीची लागतात. बाण्याचे सूत कांड्यांवर भरणारी माणसे निराळी. माग बिघडला की धावणारा जॉबर निराळा. विणलेल्या कापडातील दोष निवडणारी, घडी घालणारी, गाठी बांधणारी, त्या ट्रकवर चढविणारी माणसे निराळी. शिवाय मागाचे सुटे भाग बनविणारे लेथवाले आणि ओतकाम करणारे, सुताचे व्यापारी व दलाल. पुष्कळ कारखानदार स्वतःचे सूत घेतच नाहीत. व्यापाऱ्याने दिलेले सूत मजुरीवर विणून देतात. त्यांना गावात ‘खर्चीवाले’ म्हणतात. अशी ही साखळी आहे. एका गावात एवढ्या निरनिराळ्या कसबांची माणसे हाकेच्या अंतरावर असणे, हीच त्या गावाची खरी संपत्ती. दुसऱ्या गावास नुसते माग विकत घेता येतील, ही शेजारपणाची साखळी विकत घेता येत नाही.

काळाची साथही या गावास मिळाली, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. १९५६ च्या सुमारास केंद्र शासनाने मोठ्या गिरण्यांच्या मागांच्या वाढीवर बंधन घातले आणि लहान यंत्रमागांस करात सवलती मिळत गेल्या. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांत संप झाला, तो प्रदीर्घ चालला, आणि तेथे थांबलेले विणकाम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी यांसारख्या ठिकाणी वळले. एका शहराच्या दुःखातून दुसऱ्याची भरभराट झाली. वरच्या वर्गातील मुलांना हे सांगताना गिरणगावातील कामगारांची कुटुंबे विसरू नयेत. त्यांतील कित्येक याच कोल्हापूर, सातारा, रत्नागिरीकडच्या खेड्यांतून गेलेली होती. परंतु ज्या गावात साखळी तयार होती त्यासच या संधीचा लाभ झाला, हेही तितकेच खरे.

सहकाराचा वाटाही मोठा आहे. सुतासाठी सर्वस्वी बाहेरच्यांवर अवलंबून राहू नये म्हणून सहकारी सूतगिरण्या निघाल्या. शेजारी गंगानगर येथे रत्नाप्पाण्णा कुंभार यांच्या पुढाकाराने पंचगंगा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि उसाचा पैसा याच परिसरात फिरू लागला. १९८२ मध्ये दत्ताजीराव कदम टेक्निकल एज्युकेशन सोसायटीने वस्त्रोद्योगाचे उच्च शिक्षण गावातच आणले. हे पाऊल उशिरा पडले असे कोणी म्हणेल, पण पडले. मागाखालचे ज्ञान बापाकडून मुलाकडे जाते तोवर धंदा चालतो; यंत्र बदलले की ते ज्ञान अपुरे पडते.

शिक्षकांच्या जिव्हाळ्याची आणखी एक गोष्ट येथेच सांगावी. या गावात पहिला यंत्रमाग येण्याच्या चौतीस वर्षे आधी, १८७० मध्ये, वाचनालय निघाले होते. तेच आजचे आपटे वाचन मंदिर. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे गुरू बाळकृष्णबुवा यांच्या नावापुढे ‘इचलकरंजीकर’ हे उपपद लागले ते याच गावामुळे. १९७४ चे मराठी साहित्य संमेलन येथेच भरले, पु. ल. देशपांडे अध्यक्ष होते. मागांच्या खडखडाटात पुस्तक आणि गाणे कशास, असे विचारणाऱ्यास उत्तर देणे सोपे आहे. ज्या गावात संध्याकाळी जाण्याजोगे ठिकाण नाही, त्या गावात पैसा मिळविलेला माणूस राहत नाही. तो पैशासह निघून जातो.

सर्वच नगरे मागावर वाढत नाहीत, म्हणून दोन शेजारी उदाहरणे ओझरती द्यावीत. याच तालुक्यातील हुपरी हे चांदीच्या दागिन्यांचे गाव. तेथे चांदीची खाण नाही. कसब आहे, आणि त्यातील बरेचसे काम घरोघरी, पुष्कळदा बायकांच्या हातून होते. शिरोळ तालुक्यातील जयसिंगपूर हे तर राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ लोहमार्गालगत आखून वसविलेले व्यापारी गाव. त्याच्या सरळ गल्ल्या आजही क्रमांकांनी ओळखल्या जातात. म्हणजे लोहमार्गाने गाव वाढतच नाही असे नव्हे. जयसिंगपुरात गाडीबरोबर बाजारपेठ आखली गेली.

आता पाठाचा अवघड भाग. तो गाळून शिकविल्यास पाठ जाहिरातीसारखा होईल.

सुताचा भाव चढला आणि कापडाचा उतरला की खर्चीवाल्याच्या मागावर पहिला घाव बसतो, कारण त्याच्या हाती ना सूत ना बाजार. अलीकडे धोट्याविना चालणारे वेगवान माग आले आणि कित्येक साधे माग भंगाराच्या भावाने गेले. ज्या लहान दारातून सामान्य माणूस धंद्यात शिरला, ते दार नव्या यंत्रांच्या किमतीमुळे पुन्हा अरुंद होत आहे. मजुरीसाठी आंदोलने झाली, होतात. सीमेपलीकडील कर्नाटकातून, आणि पुढे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून माणसे येथे कामास आली. त्यांची मुले कोणत्या शाळेत जातात हा प्रश्न शिक्षकांनीच विचारावयाचा आहे.

पण सर्वांत कठीण प्रश्न पाण्याचा आहे. पंचगंगा कोल्हापुरावरून वाहत येते ती त्या शहराचे व वाटेतील उद्योगांचे सांडपाणी पोटात घेऊन. इचलकरंजीचे सांडपाणी, कापड धुण्या-रंगविण्याच्या कारखान्यांचे पाणी, काळ्या ओढ्याने तिच्यात मिळते. पुढे ती शिरोळ तालुक्यातील खेड्यांवरून जाऊन नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. तेरवाडच्या बंधाऱ्यात मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या त्या भागातील मुलांना नव्या नाहीत. खुद्द शहरासही या पाण्याने सोडले नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली. हजारो लोक आजारी पडले, काही दगावले. शहराने कृष्णेवरून, मजरेवाडीहून, नळाने पाणी आणले. ते गळतीमुळे व वाढत्या वस्तीमुळे अपुरे पडू लागले. मग वारणेचे पाणी दानोळीहून आणण्याची योजना झाली, तिला २०१७-१८ मध्ये वारणाकाठच्या गावांनी कडवा विरोध केला. नंतर दूधगंगेवर सुळकूड येथून पाणी घेण्याचे ठरले, तर २०२३ मध्ये त्या काठच्या गावांनीही तशीच हरकत घेतली.

हा प्रसंग शिकविताना शिक्षकाची कसोटी लागते. शाळा वारणाकाठची किंवा दूधगंगाकाठची असेल तर मुलांच्या घरी एकच बाजू ऐकू येत असते, आणि ती निराधार नसते. आमच्या नदीचे पाणी नेतील, त्यांची नदी त्यांनीच घाण केली, उद्या आमची शेते कोरडी राहिली तर कोण विचारणार, असे शेतकरी म्हणतो. शहरातील चाळीत चार दिवसांनी एकदा नळ येण्याची वाट पाहणारी बाई काय म्हणेल, हे मात्र त्या वर्गात कोणी बोलत नाही. तिचा नवरा त्या शेतकऱ्याच्याच भावकीतला, मागावर गेलेला, असू शकतो. शिक्षकाने निवाडा देऊ नये. शक्य तर वर्गाचे दोन भाग करून एकास शहराची व एकास गावाची बाजू मांडावयास सांगावी, आणि अर्ध्या तासाने बाजू उलटून द्याव्यात. मुले पहिल्यांदा ओरडतात, दुसऱ्यांदा विचार करू लागतात.

याच ठिकाणी शहर आणि खेडे यांच्यातील देण्याघेण्याचा हिशेब मांडता येतो. माणसे, दूध, भाजी, भांडवल आणि पाणी खेड्याने शहरास दिले. शहराने खेड्यास मजुरी, बाजार, दवाखाना, कॉलेज आणि आपले सांडपाणी दिले. इचलकरंजी वाढली ती पहिल्या अनेक वर्षांत हा हिशेब दोहोंना परवडत होता म्हणून. तिची पुढची वाढ अडली आहे ती मागांच्या किंवा कारागिरांच्या तोट्याने तितकी नव्हे, जितकी शेजारच्या गावांचा विश्वास उणा झाल्याने. नदीत सोडावयाचे पाणी शहराने आधी शुद्ध केले असते, तर नव्या नदीवर पाणी मागताना त्याची मान वर राहिली असती. हे मत कोणास कडक वाटेल. पण पंचगंगेच्या काठी उभे राहून पाहणाऱ्यास दुसरे मत सुचणे कठीण आहे.

इतर तालुक्यांतील शिक्षकांनी इचलकरंजीच्या जागी आपले जवळचे शहर घ्यावे. साधने फार लागत नाहीत. आठवडाभर प्रत्येक मुलाने वहीत दोन रकाने आखावेत. ‘आमच्या घरातून शहरास गेले’ हा एक, ‘शहरातून आमच्या घरी आले’ हा दुसरा. दुधाच्या कॅनपासून औषधाच्या बाटलीपर्यंत, आणि मामाच्या आठवड्याच्या पगारापासून एस. टी. च्या तिकिटापर्यंत सारे लिहावे. शनिवारी सर्व वह्यांची बेरीज फळ्यावर करावी. त्यानंतर तीन गोष्टी विचारून आणावयास सांगाव्यात: त्या शहरात असे कोणते काम होते की ज्यासाठी दूरची माणसे तेथे येतात; ते काम तेथे पहिल्याने कोणी सुरू केले; आणि त्या शहराचे पाणी कोठून येते व वापरल्यावर कोठे जाते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे घरातील म्हातारी माणसे सांगतील. तिसऱ्याचे उत्तर पुष्कळदा कोणासच सांगता येत नाही. तसे झाल्यास सहल काढावी आणि मुलांना शहराच्या बाजारपेठेत नेण्यापूर्वी, शहर संपते तेथे, ओढा नदीस मिळतो त्या जागी न्यावे.